पाच रुपयांचा फोटो

२००६ च्या पावसाळ्यात माझा साळा पुण्याहून आला आणि जाताना त्याचा जुना मोबाइल मला देऊन गेला. नोकिया ६६००. हातात मावायचा नाही असा जाडजूड, पाठीवर कॅमेऱ्याची बारीकशी काच. त्यानं नवा घेतला होता, हा घरात पडून होता. मी तेव्हा चिखलदऱ्याच्या खाली जंगलातल्या एका कोरकू गावी शाळेवर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या पोराची गोष्ट सांगायची आहे त्याचंही लिहीत नाही. त्याला न विचारता एकदा बरंच करून झालं आहे.

गावात मोबाइलचा मोबाइल म्हणून काही उपयोग नव्हता. शाळेमागची टेकडी चढून जांभळाखाली उभं राहिलं, हात वर धरला, तर एखादी काडी यायची आणि बोलायला लागलं की जायची. म्हणून माझ्याकडं त्याची दोनच कामं होती, सकाळचा गजर आणि फोटो. पोट्ट्यांना मात्र फार नवल. मधल्या सुट्टीत घोळका जमे. एकानं विचारलं, "गुर्जी, यात मानसं जातेत कुठून?" मी काच दाखवली. तो बराच वेळ काचेत डोळा घालून पाहत राहिला.

दुसरीतला एक पोरगा हिवतापानं तीन आठवडे शाळेत नव्हता. श्रावणातल्या एका मंगळवारी तो आला. पाऊस मोठा होता. अंगातला सदरा चिंब, तो खिचडी शिजवणाऱ्या बाईनं काढून चुलीजवळ वाळत घातला. पोरगा उघड्या अंगानं व्हरांड्यात उभा, हातात खिचडीची ताटली, आणि कौलावरून पडणाऱ्या पाण्याकडं टक लावून बसलेला. तापानं बरगड्या वर आल्या होत्या, मोजता आल्या असत्या. मी हाक मारली. त्यानं मान वळवली, ओठाच्या कडेला हसू नुकतं सुरू झालं होतं, आणि मी बटण दाबलं.

त्याला स्क्रीनवर दाखवला. त्यानं बोट लावून स्वतःचं नाक चाचपून पाहिलं आणि खिचडी खायला बसला.

पुढं मला कोणीकोणी म्हणाले, तुमच्या मनात कळवळा होता म्हणून काढला असाल. नव्हता. चित्र चांगलं दिसलं म्हणून काढला. पावसाचा उजेड, काळसर भिंत, आणि त्यात ते पोरगं. तापातून उठलेलं लेकरू खिचडी खातंय याचा आनंद होता, एवढंच.

मंगळवारी काढलेला फोटो शनिवारी गेला. शनिवारची अर्धी शाळा करून मी जीपनं घाट उतरलो, धामणगाव गढीवरून परतवाड्याला. चार दिवस तो फोटो माझ्या खिशात होता. रेंज नसल्यामुळं मला चार दिवस मिळाले होते, हे मला फार नंतर सुचलं. त्या चार दिवसांत पोराची आजी दोनदा शाळेसमोरून सरपण घेऊन गेली. मी तिला रामराम केला. फोटोचं बोललो नाही. बोलायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

परतवाड्याच्या दुकानात मी पोऱ्याला म्हणालो, "बाबू, यात एमएमएस चालू करून दे." तो गालात हसला, शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजारीही हसला. "गुर्जी, तुमी पन?" मला हसण्याचं कारण कळेना. कळलं तेव्हा कान तापले.

२००४ च्या शेवटी दिल्लीतल्या एका शाळेतल्या पोरापोरीची चित्रफीत मोबाइलवरून फिरली होती, पुढं ती सीडीवर आली, एका संकेतस्थळावर विकायला लागली आणि त्या संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली. पेपरांनी त्या सगळ्याला एकच नाव दिलं, एमएमएस. देशातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही एमएमएस पाठवला नसेल, पण शब्द घरोघर पोचला तो असा. पुढं कोणतीही चोरून काढलेली चित्रफीत म्हणजे एमएमएस. ती ब्लूटूथनं गेलेली असो की सीडीवर. २०११ साली त्या नावाचा हिंदी सिनेमाच निघाला. एखाद्या यंत्राचं नाव त्याच्या वापराआधी त्याच्या बदनामीनं कळावं, असं आपल्याकडं दुसऱ्या कशाचं झालं असेल असं वाटत नाही. आमच्या चिखलदऱ्याचं नाव तर म्हणे कीचकावरून पडलं. सैरंध्रीवर वाईट नजर ठेवली म्हणून भीमानं त्याला मारून दरीत फेकलं, तो कीचकदरा, आणि भीमकुंडात अंग धुतलं. ही गोष्ट मी दरवर्षी सहलीत पोरांना सांगत असे. नजरेनंही अपराध होतो, असंही सांगत असे. मात्र माझ्या मते तो अपराध कीचकासारख्यांचा होता. माझ्यासारख्या शाळामास्तराशी त्याचा काय संबंध?

दुकानदारानं कंपनीकडून सेटिंगचा मेसेज मागवला, तो मी सेव्ह केला, फोन बंद करून चालू केला. मग अमरावतीच्या मित्राला तो फोटो पाठवला. खाली ओळ लिहिली, 'माझा विद्यार्थी. तापातून उठून आज शाळेत आला.' पाच रुपये कटले. साध्या मेसेजच्या मानानं महागच.

हे पाच रुपये कशाचे, म्हणजे त्या फोटोचं नेमकं काय होतं, हे मी नंतर शोधून शोधून समजून घेतलं. अपराध झाल्यावर माणूस कायदा वाचतो, तसं. ते सांगतो, कारण त्यात माझ्या गोष्टीचा अर्धा जीव आहे.

साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड. १६० इंग्रजी अक्षरं, आपल्या देवनागरीत ७०. उघडंच जातं, थेट दारात पडतं. एमएमएस म्हणजे पार्सल. पार्सल आपल्या दारात येत नाही. ते टपाल कचेरीत थांबतं आणि आपल्याकडं येते ती चिठ्ठी, की तुमचं पार्सल आलंय, घेऊन जा. अगदी तसंच. माझ्या फोननं आधी फोटो आणि ओळ एकत्र बांधली, जीपीआरएसच्या वाटेनं कंपनीच्या केंद्रात पोचवली. केंद्रानं ती ठेवून घेतली आणि मित्राच्या फोनला एक लपलेला एसएमएस पाठवला, ज्यात फक्त त्या पार्सलचा पत्ता होता. त्याच्या फोननं तो वाचला, स्वतः केंद्रात गेला आणि पार्सल उचलून आणलं. फोन बंद असता तर पार्सल काही दिवस थांबलं असतं, मग केंद्रानं टाकून दिलं असतं. फोनला चित्र कळत नसतं तर नुसता एक पत्ता आला असता, की कॉम्प्युटरवर जाऊन पाहा. नॉर्वेतल्या कंपनीनं २००२ साली ही सेवा सुरू केली, आपल्याकडच्या कंपन्यांनी मागोमाग. ज्यांच्याकडं असा फोन होता त्यांनाही सेटिंग जमत नव्हतं, पैसे लागत होते, त्यामुळं ती आपल्याकडं कधी फार चालली नाही. पुढं व्हॉट्सअॅप आलं, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, आणि एमएमएस कुठं गेला ते कोणी पाहिलंही नाही.

पण पार्सलच्या आतली गोष्ट महत्त्वाची. त्यात फोटो वेगळा असतो आणि ओळ वेगळी. कोणती वर दिसावी, कोणती खाली, किती वेळ, हे सांगणारा एक कागद असतो, तोही वेगळा. घेणाऱ्यानं ठरवलं तर तो फक्त फोटो जपून ठेवू शकतो आणि ओळ टाकू शकतो. आणि त्यानं पुढं पाठवलं की ते नवं पार्सल होतं, नव्या नावानं. पहिल्या माणसाला, म्हणजे मला, त्याची खबर येत नाही. मला 'पोचला' अशी पावती एकदाच आली, मित्राच्या नावची. तिथं माझा संबंध संपला असं यंत्राचं म्हणणं.

आणखी एक बाब वाचली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्या काळी कंपन्या गाण्यांच्या रिंगटोन आणि नटनट्यांची चित्रं विकायच्या. ती पुढं कोणाला फुकट जाऊ नयेत म्हणून त्यांना कुलूप घालायची सोय केलेली होती. असं चित्र किंवा रिंगटोन तुम्ही विकत घेतली, दुसऱ्याला पाठवायला गेलात, तर फोन सरळ नाही म्हणायचा. म्हणजे पुढं पाठवणं अडवता येत नव्हतं असं नाही. अडवण्याची अक्कल होती, वापरात होती. माझ्या हातातल्या फोनलाही हे कुलूप ओळखता येत होतं. दहा रुपयांच्या रिंगटोनला कुलूप होतं. माझ्या विद्यार्थ्याला नव्हतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मित्र चार सामाजिक कामांत पाय असलेला माणूस. त्यानं कोणाला तरी दाखवला, त्यानं मागितला, यानं पाठवला. त्याच्याकडून आणखी कोणाकडं. दिवाळीनंतर एका संस्थेचं पत्रक निघालं. त्यावर आमचा पोरगा, काळ्यापांढऱ्यात, अर्ध्या पानभर. खाली छापलेलं, 'मेळघाटातील कुपोषणाचा आणखी एक बळी.'

बळी. म्हणजे मेलेला.

त्या छापील फोटोत हसू नव्हतं. हेही मी नंतर समजून घेतलं. त्या फोनचा कॅमेरा जेमतेम ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. पाठवताना चित्र हलकं करण्यासाठी उजेडाच्या बारीक छटा गाळल्या जातात. मग कोणी ते मोठं करून छापलं, रंग काढला. ओठाच्या कडेचं ते नुकतं सुरू झालेलं हसू अशाच एखाद्या बारीक छटेत होतं. ते गेलं. डोळ्यांखालची सावली होती ती खड्डा झाली. हातातली ताटली खालच्या अक्षरांत बुडाली. कोणी मुद्दाम काही केलं नसेल. प्रत्येक पायरीवर पोरगं थोडं थोडं उपाशी होत गेलं, आणि शेवटच्या पायरीवर मेलं.

आता दुसरी बाजू, ती लपवणार नाही. १९९३ पासून मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर जात होत्या, त्या खोट्या नव्हत्या. मी स्वतः पाहिलेलं आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमचं गाव आठ-आठ दिवस तुटायचं, आणि त्याच दिवसांत लेकरं आजारी पडायची. भूमका पोटाला चटके द्यायचा. पत्रक निघालं आणि महिन्याभरात आमच्या गावात डॉक्टरांचं पथक आलं. त्याआधी वर्षभर कोणी आलेलं नव्हतं. पथकातल्या एकानं मला सांगितलं, या पत्रकावरूनच गावाची चौकशी निघाली. त्यांनी अंगणवाडीच्या दारात काटा टांगला, सगळी लेकरं तोलली. दोन तान्ही एकदम वाईट निघाली. त्याच गाडीतून खाली दवाखान्यात नेली. त्यातलं एक राहिलं नाही. दुसरी पोरगी जगली. ती मागेच बारावी झाली.

त्या पोरीचा जीव आणि पत्रकावरचं खोटं एकाच दोरीत बांधलेलं आहे. मित्र मला नेहमी हेच म्हणतो. "तू कायले जीव जाळतं? एका पोराचा फोटो चुकला, एक पोरगी वाचली. हिशेब लाव न." मी लावून पाहिला. तो हिशेब चुकत नाही. पण तो मांडायला आम्हीच बसलो आहोत, आणि ज्यांच्या नावावर खर्च टाकला ते हिशेबाला बसलेलेच नाहीत, हे मला खटकतं.

कारण खर्च कोणावर पडला ते मी पाहिलं आहे. पथकाबरोबरच्या कोण्या उत्साही पोरानं ते पत्रक अंगणवाडीच्या भिंतीला डकवलं. सातवीतल्या एका पोरानं ते मोठ्यानं वाचलं आणि अर्थ सांगितला. संध्याकाळी आजी शाळेत आली. नातवाचा हात घट्ट धरलेला. ती कोरकूत बोलत होती. कोरकू आपल्या मराठीच्या कुळातली भाषा नव्हे, ती मुंडारी-संथाळीच्या कुळातली. सहा वर्षांत मला कामापुरती येत होती, पण एवढ्या रागातली नाही. मग तीच वऱ्हाडीवर आली.

"गुर्जी, तुमी माह्या नातवाले मेला लिवलं?"

"आजी, म्या नाई लिवलं. म्या फक्त फोटो—"

"फोटो कोनाचा?"

"माहाच."

"मंग?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

गावाबाहेर सागाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या होत्या. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसासाठी तशी फळी उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार. ते असं उठून करता येत नाही. सगळे भाऊबंद जमावे लागतात, खर्च लागतो, जेवण लागतं. कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं जमत नाही. तिच्या नवऱ्याचा तिथं होता. ती त्या दिशेला हात करून म्हणाली, की त्याच्यासाठी आम्ही चार वर्षं पैसा जोडला, सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांना ठाऊक होतं तो कोणाचा. अन् याचा, नातवाला पुढं ढकलून म्हणाली, याचा तुम्ही किती घरी उभा केला?

मग म्हणाली, "वापस आना. जिथं जिथं गेला तिथून वापस आना."

मी तिला समजवायला लागलो. पार्सल, केंद्र, पुढं पाठवणं. दोन वाक्यांत थांबलो. तिचा नातू खालमानेनं उभा होता. मी खिशातून फोन काढला, तिच्यासमोर तो फोटो उघडला, तिला दाखवला. ती पाहत राहिली. यात तो हसत होता. मग मी 'डिलीट' दाबलं. फोननं विचारलं, नक्की का? मी हो म्हणालो. काच रिकामी झाली.

तिनं मला विचारलं, "आला वापस?"

मी मान हलवली. हो अशी.

ती निघून गेली. जाताना नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मला केळीच्या पानात मोहाची फुलं आणून दिली, वाळवलेली, आदल्या उन्हाळ्यातली.

या सगळ्या गोष्टीत माझा सर्वांत मोठा अपराध कोणता, याचा मी इतकी वर्षं विचार केला आहे. न विचारता काढणं? पाठवणं? मला वाटतं, ती मान हलवणं. फोटो काढला तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पाठवला तेव्हाही नव्हतं. मान हलवली तेव्हा सगळं ठाऊक होतं. आणि तरी कधी वाटतं, तेवढी एकच गोष्ट मी तिच्यासाठी केली, बाकी सगळं माझ्यासाठी. याचा निकाल माझ्यानं लागत नाही.

त्याच १९९३ साली सुदानमधला एक फोटो जगभर गेला होता. जमिनीला डोकं टेकलेलं उपाशी लेकरू आणि मागं टपून बसलेलं गिधाड. केविन कार्टर या छायाचित्रकाराचा. अमेरिकेच्या पेपरात छापून आल्यावर लोकांनी विचारलं, पुढं त्या पोरीचं काय झालं? कोणाला सांगता येईना. १९९४ ला त्या फोटोला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी कार्टरनं जीव दिला. सतरा-अठरा वर्षांनी एका स्पॅनिश पेपरनं जाऊन शोधलं तर ती पोरगी नव्हतीच, पोरगा होता, आणि त्या दुष्काळात तो मेला नव्हता. मोठा होऊन मग कधीतरी तापानं गेला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ अंगणात बसून होतो. जगानं ज्याला मेलं म्हणून रडून घेतलं तो त्या वेळी गुरं हाकत असेल, जेवत असेल. त्याच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं?

कायदा पाहिला तर तो आमच्या कामाचा नाही. आयटी कायद्यात २००८ साली ६६ई हे कलम आलं, पुढच्या वर्षी लागू झालं. न विचारता कोणाच्या खाजगी अंगाचा फोटो काढला किंवा पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. दिल्लीसारखी प्रकरणं समोर होती, ते योग्यच झालं. पण त्या कलमाच्या लेखी माणसाची लाज शरीराच्या ठरावीक जागीच असते. बरगड्या त्यात येत नाहीत. भूक ही सगळ्यांनी पाहायची गोष्ट आहे, असंच आपण धरून चाललो आहोत. मी माझ्या पोराचा, मुलाच्या वाढदिवसाचा फोटो कोणाला द्यायचा तर दहादा विचार करतो. कोरकूच्या पोराचा देताना एकदाही केला नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि 'मी तर फक्त पुढं पाठवला' हे वाक्य. मित्र तेच म्हणाला, त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. 'बळी' हा शब्द कोणी लिहिला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. साखळीतला प्रत्येक जण आपल्या मते फक्त एक कडी. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी, पोरं पळवणारे समजून गावानं ठेचून मारले. त्या दिवसांत फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या लोकांनी पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटचा भाग कापला, ज्यात पोरगं सुखरूप परत आणून देतात, आणि उरलेली खरी म्हणून फिरली. इथंही ओळ एकीकडं आणि चित्र एकीकडं. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपनं आपल्या देशापुरता नियम केला, एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल. मला आमचा पंचबोल आठवला. तिथं दरीच्या तोंडाशी हाक मारली की ती परत परत ऐकू येते, पाच वेळा म्हणतात. सहलीत पोरं तिथं आपापली नावं ओरडायची. कोणी दुसऱ्याचं नाव शिवी लावून ओरडला की तो दुसरा रडकुंडीला यायचा, कारण दरी त्याला पाच वेळा शिवी द्यायची. मग मी ओरडणाऱ्याचा कान धरी. दरीचा कान धरता येत नाही.

मला एक प्रश्न मात्र सतत छळतो. त्या चार दिवसांत मी आजीला विचारलं असतं तर? समजा सांगितलं असतं, की आजी, याचा फोटो पाठवतो, गावात डॉक्टर यावा म्हणून. ती नाही म्हणाली असती, असं मला वाटत नाही. ती चतुर बाई होती. गावातली दोन तान्ही आजारी आहेत हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. कदाचित तिनं नातवाला बाजूला सारून मला त्या तान्ह्यांच्या झोपडीत नेलं असतं. कदाचित दोन्ही वाचली असती. मित्राच्या हिशेबात ही ओळ कधी येत नाही.

माझी बदली २००९ ला झाली. आजी नंतर चार-पाच वर्षांत गेल्याचं कळलं.

मागच्या हिवाळ्यात नातेवाइकांना घेऊन मेळघाट पाहायला गेलो होतो. सेमाडोहला जिप्सीचा ड्रायव्हर माझ्याकडं पाहत राहिला. पंचविशीचा, दाट केसांचा, अंगापिंडानं चांगला भरलेला. "गुर्जी, वळखलं काय?"

ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितलं. मला बसायला जागा शोधावी लागली.

जंगल फिरून आल्यावर त्यानं चहा पाजला. बायकोपोराचं सांगितलं, मोबाइलवर पोराचे फोटो दाखवले, पन्नासेक तरी असतील, एकाच रविवारचे. मग जरा थांबून म्हणाला, "गुर्जी, तो माहा फोटो हाये काय तुमच्यापाशी? शाळेतला. माही बायको म्हणते, पोरगं तुमच्यावर गेलं की माह्यावर, पाहू द्या तुमचा लहानपणचा. माह्यापाशी तर एकबी नाई."

मी सांगितलं, की तो तुझ्या आजीसमोर मी पुसला. त्याला आठवत होतं. "मालूम हाये," म्हणाला. "पन कोनापाशी तरी असन न? एवढ्या जागी गेल्ता." मी तिथूनच मित्राला फोन लावला. तो फोन कधीच भंगारात गेला, म्हणाला. कंपनीच्या केंद्रात तर पार्सल उचललं की उरत नाही. इतक्या घरी गेलेलं ते चित्र आता कोणाकडंच नव्हतं.

माझ्याकडं पत्रक होतं. ट्रंकेत, सेवापुस्तकाच्या प्रतीखाली. मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. घरी येऊन आठ दिवस ते टेबलावर ठेवलं. कात्री लावून खालची ओळ काढावी म्हटलं तर ताटली धरलेली बोटंही जातात. शेवटी पुन्हा सेमाडोहला गेलो, जसं होतं तसं त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. सावकाश, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसं. मग हसला. तेच हसू, ओठाच्या कडेनं सुरू होणारं. "मेलो म्हन्ते हा तर." पत्रक जिप्सीच्या बॉनेटवर पसरलं, चारी कोपऱ्यांना खडे ठेवले, आपल्या मोबाइलनं फोटो काढला, आणि बोटानं खालची ओळ सरकवत सरकवत काचेबाहेर घालवली. बोटं थोडी गेली, पण ताटलीची कड राहिली. बायकोला पाठवण्याआधी त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"गुर्जी, फोटो कोनी काढला म्हनून तुमचं नाव टाकू काय खाली?"

मी नको म्हणालो.

"मंग काय लिवू?"

मी त्याला ती जुनी ओळ सांगितली. त्यानं ती लिहिली, एक शब्द बदलून. 'विद्यार्थी' काढला आणि तिथं स्वतःचं नाव घातलं.